दिनविशेष लिहिणाऱ्यांनो, राणी व्हिक्टोरियाच्या नोंदी एकदा तपासून घ्या

प्रति,
मराठी दैनिकांतील आणि संकेतस्थळांवरील ‘दिनविशेष’ सदरांचे संपादक, तसेच मुंबई-पुण्यात वारसा-फेऱ्या घेणारे मार्गदर्शक यांस,

स. न. वि. वि.

२४ मे, २० जून, १ नोव्हेंबर, २२ जानेवारी. या तारखा जवळ आल्या की राणी व्हिक्टोरियावर दोन-चार ओळी छापून येतात, दिवसभर फोनवरून फिरतात आणि पुढच्या वर्षी कानामात्रा न बदलता पुन्हा छापल्या जातात. चुकाही त्याच राहतात. त्यातल्या काही साध्या आहेत, दोन वेगळ्या प्रसंगांच्या तारखा एकमेकींत मिसळल्यामुळे झालेल्या. दुसऱ्या जातीच्या चुका जास्त त्रासदायक. पार्लमेंटने, मंत्र्यांनी, व्हाइसरॉयने किंवा खुद्द आपल्याकडच्या माणसांनी केलेल्या गोष्टी सरसकट ‘राणीने केल्या’ म्हणून लिहिल्या जातात. राणीच्या नावाने काय झाले आणि राणीने स्वतः काय केले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे.

सुरुवात राज्यारोहणापासून करू. ब्रिटनचा राजा चौथा विल्यम, म्हणजे व्हिक्टोरियाचा काका, २० जून १८३७ रोजी पहाटे वारला आणि त्याच क्षणी व्हिक्टोरिया राणी झाली. ब्रिटिश कायद्यात गादी रिकामी राहत नाही. कँटरबरीचे आर्चबिशप आणि लॉर्ड कॉनिंगहॅम सकाळी सहाच्या सुमारास केन्सिंग्टन राजवाड्यात पोहोचले, ते तिला बातमी द्यायला. राणी करायला नव्हे. राज्याभिषेक झाला २८ जून १८३८ रोजी, म्हणजे वर्षभराने. तो धार्मिक विधी आहे, त्याने अधिकारात काही भर पडत नाही. त्यामुळे ‘२० जून १८३७ : व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक’ ही नोंद चूक आहे. ‘२८ जून १८३८ : व्हिक्टोरिया राणी झाली’ हीदेखील चूकच. दुसऱ्या चुकीतून आणखी एक चूक निघते. कारकीर्द राज्याभिषेकापासून मोजली की ती ६२ वर्षांची भरते. खरा हिशेब २० जून १८३७ ते २२ जानेवारी १९०१, म्हणजे ६३ वर्षे, ७ महिने आणि २ दिवस. ‘सर्वाधिक काळ राज्य केलेली ब्रिटिश राणी’ हे बिरुदही आता तिच्याकडे नाही. ९ सप्टेंबर २०१५ रोजी दुसऱ्या एलिझाबेथने तो काळ ओलांडला, आणि तीही कारकीर्द ६ फेब्रुवारी १९५२ पासून मोजायची असते, १९५३ च्या राज्याभिषेकापासून नव्हे.

राज्याभिषेकावर लिहायचेच असेल तर त्या दिवशीचा गोंधळ लिहा. तो सजावटीच्या वर्णनापेक्षा रंजक आहे. रंगीत तालीम धड झाली नव्हती. करंगळीच्या मापाची अंगठी आर्चबिशपनी रेटून अनामिकेत घातली आणि नंतर ती काढताना राणीला बराच त्रास झाला. ऐंशी ओलांडलेले लॉर्ड रोल वंदन करायला पायऱ्या चढताना घरंगळले. ते दुसऱ्यांदा चढू लागल्यावर राणी स्वतः उठून पुढे झाली.

आता वयाचा मुद्दा. तिचा जन्म २४ मे १८१९ चा. काका वारला तेव्हा तिला अठरावे पूर्ण होऊन जेमतेम चार आठवडे झाले होते. अठराच्या आत ती राणी झाली असती, तर आई डचेस ऑफ केंट रीजंट, म्हणजे तिच्या वतीने राज्य चालवणारी, झाली असती आणि कारभार आईचा कारभारी सर जॉन कॉन्रॉय याच्या हाती गेला असता. या दोघांनी मुलीला लहानपणी इतके जखडून ठेवले होते की जिना उतरतानाही कोणीतरी हात धरायचे. राणी झाल्यावर तिने आईच्या खोलीतला आपला पलंग हलवायला सांगितला. ‘कोवळ्या वयात राणी झाली’ या छापील वाक्यापेक्षा हे चार आठवडे वाचकाला जास्त सांगतात. जन्मनाव अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया. पहिल्या दिवशीच्या कागदांवर ही दोन्ही नावे आहेत. पहिले तिच्याच इच्छेने गळाले. ब्रिटनच्या राजाकडेच असलेली जर्मनीतल्या हॅनोव्हरची गादी मात्र तिला मिळाली नाही. तिथल्या वारसाहक्कात पुरुष वारस असताना स्त्रीला जागा नव्हती, म्हणून ती दुसरा काका अर्नेस्ट ऑगस्टस याच्याकडे गेली. ‘ब्रिटन आणि हॅनोव्हरची राणी’ असे कुठे छापले असेल तर ते काढून टाका.

हिंदुस्थानकडे वळताना पहिली वीस-एकवीस वर्षे हमखास गायब होतात. ‘१८५८ पासून राणीचे राज्य’ असे लिहिले की १८३७ ते १८५८ मध्ये तिचा इथे काही संबंधच नव्हता असे वाटते. फेरीत जुनी नाणी दाखवणाऱ्यांनी राणीछाप रुपयाच हातात घ्यावा. पहिला राणीछाप रुपया १८४० सालचा आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आहे. चेहरा राणीचा, कारभार कंपनीचा. १८६२ च्या रुपयावरून कंपनीचे नाव गेले. १८७६ पर्यंतच्या नाण्यांवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ आणि १८७७ पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ अशी अक्षरे आहेत. नाण्यावरचे साल दर वेळी पाडल्याचे साल नसते, हे मात्र आवर्जून सांगा. १८४० आणि १८६२ ही साले पुढे अनेक वर्षे तशीच ठेवून नाणी पाडली गेली. दर वर्षी साल बदलण्याची पद्धत १८७४ च्या सुमारास आली. म्हणून ‘१८५७ च्या उठावाआधी सतरा वर्षे पाडलेला रुपया’ असे १८४० च्या नाण्याबद्दल छातीठोकपणे म्हणता येत नाही. वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन किंवा ११.६६ ग्रॅम, आणि चांदी बारात अकरा भाग. रस्त्यावर विकत घेतलेले नाणे दाखवणार असाल तर आधी काट्यावर ठेवा आणि कड पाहा. ओतीव नकलेच्या कडेला जोडाची रेघ सापडते आणि वजनही बहुधा जुळत नाही.

१ नोव्हेंबर १८५८. इथे तीन गोष्टींची खिचडी होते. कंपनीकडून कारभार काढून घेणारा कायदा पार्लमेंटने केला; त्याला राजसंमती मिळाली २ ऑगस्ट १८५८ रोजी. जाहीरनामा वाचला गेला १ नोव्हेंबरला. अलाहाबादला गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंगने, मुंबईत टाऊन हॉलच्या, म्हणजे आजच्या एशियाटिकच्या, पायऱ्यांवरून. आणि कंपनी ‘बरखास्त’ झाली १ जून १८७४ रोजी. मधली सोळा वर्षे ती भागधारकांना लाभांश देण्यापुरती कागदावर जिवंत होती. ‘राणीने कंपनी बरखास्त केली’ या वाक्यात तारीखही चुकते आणि कर्ताही. राजसंमती हा राणीच्या मर्जीचा भाग नव्हता. ब्रिटिश राजसत्तेने पार्लमेंटच्या विधेयकाला संमती शेवटची नाकारली ती १७०८ मध्ये.

मात्र याच जाहीरनाम्यात तिचा स्वतःचा हात दिसतो, आणि नेमके तेच कोणी लिहीत नाही. त्या ऑगस्टमध्ये ती थोरल्या लेकीला भेटायला प्रशियात, पॉट्सडॅमजवळच्या बाबेल्सबर्गला गेली होती. पंतप्रधान लॉर्ड डर्बीकडून मसुदा तिथे पोहोचला आणि तिला तो पसंत पडला नाही. स्थानिक धर्म आणि चालीरीती मोडण्याची ताकद सरकारकडे आहे, अशा अर्थाचा उल्लेख त्यात होता. तिने तो काढायला लावला. एक स्त्री राज्यकर्ती रक्तरंजित युद्धानंतर पौर्वात्य देशातल्या दहा कोटींहून अधिक लोकांशी बोलते आहे, हे ध्यानात ठेवून नव्याने लिहा. औदार्य आणि धर्मसहिष्णुता त्यात दिसू द्या, असे तिने कळवले. धर्मात हस्तक्षेप न करण्याचे कलम त्या फेरफारातून आजच्या रूपात आले. ‘राणीचा जाहीरनामा’ म्हणताना हा भाग तिच्या नावावर जरूर लिहा. उरलेला कारभार भारतमंत्री आणि त्याचे पंधरा जणांचे मंडळ यांच्या नावावर लिहा. जाहीरनाम्यातली समान वागणुकीची आश्वासने पाळली गेली नाहीत याचा जाब पुढे आपल्याकडच्या सभांनी विचारला, तो याच सरकारला.

सम्राज्ञीपदाची नोंद बहुतेक १ जानेवारी १८७७ ला येते. ती दिल्ली दरबारातल्या घोषणेची तारीख आहे. कायदा झाला एप्रिल १८७६ मध्ये. या पदवीची हौस राणीचीच होती, पंतप्रधान डिझरायलीने ती विधेयकात उतरवली आणि पार्लमेंटमध्ये तिला बराच विरोध झाला. पदवी फक्त हिंदुस्थानपुरती; ‘ब्रिटनची सम्राज्ञी’ असे काही नव्हते. दरबार भरवला व्हाइसरॉय लिटनने. राणी त्या दिवशी विंडसरला होती. दरबाराच्या नोंदीत मराठी वाचकासाठी एक माणूस हवाच : सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने ते हाताने कातलेल्या-विणलेल्या शुभ्र खादीत दिल्लीला गेले आणि ब्रिटिश प्रजेला जे राजकीय स्थान आहे ते हिंदी लोकांनाही द्या, अशी मागणी केली. दख्खन तेव्हा दुष्काळात होरपळत होते. दरबारावर पाच ओळी असतील तर त्यातली एक या दुष्काळाला द्या.

राणी हिंदुस्थानात कधीच आली नाही. हे इतक्या ठळकपणे सांगायचे कारण, ‘राणीच्या हस्ते उद्घाटन’ हे वाक्य मुंबईच्या एकाहून अधिक इमारतींना चिकटवले जाते. आले ते तिचे मुलगे. आल्फ्रेड, ड्यूक ऑफ एडिंबरो, १८६९-७० मध्ये. युवराज एडवर्ड नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईला उतरला. आणि तिसरा मुलगा आर्थर, ड्यूक ऑफ कॅनॉट, मुंबई लष्कराचा सरसेनापती म्हणून इथे काही वर्षे राहिला. जोतीराव फुले १८८८ मध्ये पुण्याच्या मेजवानीत शेतकऱ्याच्या वेशात गेले ते या आर्थरसमोर, आणि शेतकऱ्यांची खरी अवस्था आईच्या कानावर घाला असे त्यांनी त्याला सांगितले. ‘फुल्यांनी राणीला सुनावले’ अशी ओळ फिरते, ती खोडा. बोरीबंदरच्या स्थानकाचे बांधकाम १८७८ ला सुरू झाले आणि १८८८ ला संपले. मधल्या १८८७ मध्ये, राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. फीत कापायला राणी नव्हती.

आता रखमाबाई. त्यांच्या जन्मदिनी किंवा पुण्यतिथीला ‘राणी व्हिक्टोरियाने निकाल फिरवून विवाह रद्द केला’ हे वाक्य आलेच नाही असे वर्ष जात नाही. हे घडलेले नाही. काय घडले ते क्रमाने असे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्या नाहीत. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात खंडपीठाने तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण परत पाठवले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये त्यांचे पत्र छापून आले. त्यात सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी आपल्या हिंदी लेकींसाठी कायद्यात बदल करावा, असे आर्जव राणीला होते. राणीशी या प्रकरणाचा उघड धागा आहे तो हा. पुढची पायरी प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे लंडनमधल्या सर्वोच्च अपिलाची, होती. तिथेही राणी निवाडा करीत नव्हती, न्यायसमिती करीत असे. आणि प्रकरण तिथवर गेलेच नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली.

विवाह कोणीही रद्द केला नाही. याची साक्ष रखमाबाईंच्याच आयुष्यात आहे. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्या विधवेचे पांढरे पातळ नेसू लागल्या. राणीच्या हुकमाने त्या सुटल्या असे लिहिले की तीन वर्षे कोर्टात उभी राहिलेली बाई, तिच्या पाठीशी उभे राहिलेले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन आणि वर्गणी गोळा करणारे लोक, सगळे एका फटक्यात पुसले जातात. या सगळ्या यादीत आम्हाला सर्वांत खटकणारी चूक हीच. संमतिवयाच्या कायद्याचेही तसेच. तो १९ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या विधिमंडळात झाला, मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारावर गेली, आणि त्यामागे समाजसुधारक बेहरामजी मलबारींची मोहीम होती.

महोत्सवांच्या तारखांत अनुभवी माणूसही फसतो, कारण इथल्या आणि तिथल्या तारखा वेगळ्या. लंडनमध्ये सुवर्णमहोत्सव २० आणि २१ जून १८८७ रोजी झाला. हिंदुस्थानात तो चार महिने आधी, १६ फेब्रुवारीला साजरा केला गेला. जून म्हणजे एकीकडे उन्हाळा, दुसरीकडे पावसाळा. संस्कृत पंडितांना दिली जाणारी महामहोपाध्याय ही पदवीही त्याच मुहूर्तावर सुरू झाली. १८८७ च्या फेब्रुवारीतल्या मराठी वृत्तपत्रात रोषणाईच्या बातम्या दिसल्या तर छपाईची चूक समजू नका.

हीरकमहोत्सवात फरक दोनच दिवसांचा, पण आपल्या दृष्टीने मोठा. साठ वर्षे पूर्ण झाली २० जून १८९७ रोजी; तो रविवार होता. मिरवणूक आणि मुख्य सोहळा मंगळवारी, २२ जूनला ठेवला. संधिवाताने राणीला पायऱ्या चढवेनात, म्हणून सेंट पॉल्सच्या बाहेरच प्रार्थना झाली आणि ती बग्गीतून उतरलीच नाही. त्याच दिवशी रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाऊसमधला समारंभ आटोपून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. म्हणून ‘२२ जून : राणीच्या राज्यारोहणदिनी रँडचा वध’ हे बरोबर नाही, आणि ‘२२ जून : रँडचा मृत्यू’ हेही नाही. त्याआधी १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून झालेला, मॅथ्यू नोबलने घडवलेला आणि १८७२ मध्ये उभा राहिलेला तो पुतळा.

कोहिनूरबद्दल थोडक्यात. १८४९ च्या लाहोर तहाने तो पंजाबच्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून काढून घेतला गेला आणि ३ जुलै १८५० रोजी राणीला दिला गेला. १८५२ मध्ये नव्याने पैलू पाडताना १८६ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. राणी तो बहुधा छातीवरच्या ब्रोचमध्ये घालत असे. तिच्यानंतर तो राजांच्या पत्नींच्या मुकुटात बसला. दुसऱ्या एलिझाबेथच्या डोक्यावरच्या मुकुटाच्या छायाचित्राखाली ‘कोहिनूर’ लिहिणे थांबवा.

मृत्यूची नोंद. २२ जानेवारी १९०१, आइल ऑफ वाइट बेटावरचा ऑस्बोर्न हाऊस, संध्याकाळचे साडेसहा, वय ८१. मुंबईत तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. इथल्या वृत्तपत्रांत २२ तारखेच्या अंकात निधनवार्ता शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. पती आल्बर्टच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षे काळ्या कपड्यांत राहिलेल्या राणीला तिच्या सूचनेप्रमाणे पांढऱ्या पोशाखात आणि लग्नातल्या ओढणीसह ठेवले. २ फेब्रुवारीला विंडसरला शवपेटीच्या गाड्याचे घोडे बिथरले, जोत तुटले, आणि नौसैनिकांनी गाडा ओढला. दफन ४ फेब्रुवारीला फ्रॉगमोरमध्ये, आल्बर्टशेजारी. वेस्टमिन्स्टर ॲबीत नव्हे.

नोंद तपासताना आम्ही तीन गोष्टी पाहतो, त्या तुम्हालाही पुरतील. तारीख घटनेची की घोषणेची? कागदावर सही कोणाची? आणि राणी त्या दिवशी कुठे होती? शेवटचे उत्तर तिच्या रोजनिशीत मिळते. तेराव्या वर्षापासून मरेपर्यंत ती लिहीत होती. १४१ खंड उरले आहेत आणि २०१२ पासून ते ऑनलाइन आहेत. एक खबरदारी घ्या : मोठा भाग राणीच्या अक्षरातला नाही. धाकटी मुलगी बिअट्रिसने वर्षानुवर्षे बसून नक्कल केली, नको ते गाळले आणि मूळ वह्या जाळल्या. सुरुवातीच्या वर्षांची टंकलिखित प्रत वेगळी झाली होती, त्यामुळे १८४० पर्यंतचा मजकूर जास्त मोकळा आहे. आग्र्याहून १८८७ मध्ये गेलेल्या मुन्शी अब्दुल करीमबद्दल लिहिताना हे विशेष पाहा. त्याला आलेली राणीची पत्रे सातव्या एडवर्डच्या हुकमाने जाळली गेली. तो तिला हिंदुस्थानी शिकवत होता आणि ती उर्दू लिपीत सराव करीत होती, इतके पक्के आहे. यापुढच्या खमंग संवादांना कागदाचा आधार मागा.

दुरुस्ती करायची ठरवलीत तर पुढच्या अंकाच्या कोपऱ्यात दोन ओळी छापून थांबू नका. संगणकात साठवलेल्या वर्षभराच्या यादीत ती नोंद बदला, कारण पुढच्या वर्षी मजकूर तिथूनच उचलला जातो. आणि संकेतस्थळावर जुना मजकूर असेल तर तो गुपचूप न बदलता खाली दुरुस्तीची तारीख टाका. शाळेतली मुले तिथूनच उतरवून घेतात.

कळावे,
आपले,
एकोणिसाव्या शतकाची कागदपत्रे वाचणारे काही जण